जमा केव्हा लिहावे? : वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या पत्रांत क्रिप्टो चलनातील भरणा स्वीकारणाऱ्या प्रणालींविषयीचे प्रश्न अनपेक्षितपणे जास्त आले. त्यांतील पाच येथे घेतले आहेत. गुंतवणूक करावी की नाही, कर किती लागेल, असे विचारणारी पत्रे बाजूला ठेवली आहेत. तो या सदराचा विषय नव्हे. नवख्या वाचकांसाठी एवढेच : ब्लॉक म्हणजे एकत्र नोंदलेल्या व्यवहारांचा गठ्ठा, असे ब्लॉक एकामागोमाग जोडून साखळी बनते, आणि व्यवहाराचा ब्लॉक धरून तेथून टोकापर्यंत जितके ब्लॉक झाले तितकी त्या व्यवहाराची कन्फर्मेशन.

प्रश्न : आमची पुण्यातील छोटी कंपनी परदेशातील एका व्यावसायिकासाठी बिटकॉइन स्वीकारणारी प्रणाली लिहीत आहे. दिलेल्या पत्त्यावर व्यवहार दिसला की आम्ही डेटाबेसमध्ये एक ओळ तयार करतो, तिच्यात कन्फर्मेशनचा आकडा शून्य ठेवतो, प्रत्येक नव्या ब्लॉकसरशी तो एकाने वाढवतो आणि सहा झाले की ग्राहकाच्या खात्यात रक्कम जमा करतो. चाचणीत सर्व सुरळीत होते. प्रत्यक्षात मात्र एका भरण्याची कन्फर्मेशन आमच्याकडे सहा आणि सार्वजनिक एक्सप्लोररवर (साखळी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) चार दिसली, तर दुसऱ्याची आमच्याकडे तीन आणि तिकडे आठ. चूक कोठे आहे?

उत्तर : आपल्या दोन्ही तक्रारींची कारणे वेगळी असली तरी मूळ एकच आहे. कन्फर्मेशनचा आकडा ही साठवून ठेवण्याची वस्तू नव्हे. ती दर वेळी नव्याने करायची वजाबाकी आहे. पहिल्या भरण्याची मोजणी आपण तो दिसल्या क्षणापासून सुरू केली. शुल्क कमी असल्यामुळे तो व्यवहार दोन ब्लॉक होईपर्यंत मेमपूलमध्येच, म्हणजे ब्लॉकमध्ये जाण्याची वाट पाहणाऱ्या व्यवहारांच्या साठ्यातच, ताटकळला असणार, आणि ते दोन्ही ब्लॉक आपल्या प्रोग्रॅमने त्याच्या नावावर मांडले. दुसऱ्या भरण्याच्या वेळी प्रोग्रॅम काही काळ बंद पडला असणार आणि त्या काळातील ब्लॉक त्याला कळलेच नसणार.

या दोन चुका निदान दिसल्या तरी. तिसरी अजून आपल्या दृष्टीस पडलेली नाही आणि तीच महाग पडते. साखळीचे टोक (तिचा शेवटचा ब्लॉक) पुढे सरकते तसे अधूनमधून मागेही येते. दोन मायनरांना (नवे ब्लॉक तयार करणाऱ्यांना) जवळजवळ एकाच वेळी ब्लॉक सापडला, तर जगातील काही नोड (साखळीची प्रत ठेवणारे संगणक) एकाला टोक मानतात आणि काही दुसऱ्याला. पुढचा ब्लॉक ज्यावर रचला जातो तो टिकतो. दुसरा साखळीबाहेर पडतो आणि त्यातील व्यवहारांची कन्फर्मेशन एकदम शून्यावर येतात. यालाच रीऑर्ग म्हणतात. फक्त वाढवणे ठाऊक असलेल्या आपल्या प्रोग्रॅमला हे घटणे समजण्याचा मार्गच नाही.

म्हणून आकड्याऐवजी तीन गोष्टी साठवाव्यात : व्यवहाराचा हॅश (मजकुरावरून काढलेली त्याची ओळखखूण) व त्यातील आउटपुटचा (एका पत्त्याला जाणाऱ्या रकमेच्या नोंदीचा) क्रमांक, तो ज्या ब्लॉकमध्ये आला त्या ब्लॉकचा हॅश, आणि त्या ब्लॉकची उंची, म्हणजे साखळीतील त्याचा क्रमांक. मग जेव्हा विचारणा होईल तेव्हा आधी त्या उंचीवर अजून तोच हॅश आहे का हे नोडला विचारावे, आणि असल्यास टोकाच्या उंचीतून ब्लॉकची उंची वजा करून एक मिळवावा. हा शेवटचा एक विसरू नये, कारण व्यवहार ज्या ब्लॉकमध्ये बसला तो ब्लॉक हेच पहिले कन्फर्मेशन असते. मी स्वतः एका प्रकल्पात तो विसरलो होतो. आम्ही सहाऐवजी सात ब्लॉक थांबत होतो आणि उशिराची तक्रार येईपर्यंत कोणाच्या ते ध्यानातही आले नाही. उलट दिशेने चुकलो असतो, तर तक्रार कोणी केलीच नसती. त्याच ओघात आणखी एक गोष्ट तपासावी : आपली अट ‘सहा झाले तर’ अशी आहे की ‘सहा किंवा अधिक झाले तर’? दोन ब्लॉक लागोपाठ आले, तर आपली पाहणी पाचवरून थेट सातवर जाते आणि पहिल्या प्रकारची अट त्या भरण्याला कायमची मुकते.

रीऑर्ग ओळखणे अवघड नाही, कारण प्रत्येक ब्लॉकच्या शीर्षभागात आधीच्या ब्लॉकचा हॅश लिहिलेला असतो. नवा ब्लॉक आला की त्यातील हा हॅश आपण शेवटी नोंदलेल्या ब्लॉकच्या हॅशशी जुळतो का ते पाहावे. जुळला नाही, तर विणकामात चुकलेल्या टाक्यापर्यंत उसवतात तसे एकेक ब्लॉक मागे जावे, दोन्ही शाखांचा समान पूर्वज सापडेपर्यंत आपल्या नोंदी उलटवाव्यात आणि तेथून नवी शाखा पुन्हा विणत यावे. उसवण्याचा हा भाग लिहिण्यापूर्वी जमा करण्याचा भाग लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मागून जोडलेली उसवण कधीच नीट बसत नाही.

उसवलेला व्यवहार बहुतेक वेळा नाहीसा होत नाही, तर नव्या शाखेतील दुसऱ्या ब्लॉकमध्ये पुन्हा येतो. आपला प्रोग्रॅम त्याला नवा भरणा समजला, तर एका रकमेची दोन जमा होतील. यासाठी व्यवहाराचा हॅश आणि आउटपुटचा क्रमांक या जोडीवर डेटाबेसमध्येच अनन्यतेची अट घालावी. नुसता हॅश पुरत नाही, कारण एकाच व्यवहारात आपल्या दोन ग्राहकांचे पत्ते असू शकतात. पत्ता आणि रक्कम ही जोडी तर मुळीच चालणार नाही, कारण तोच ग्राहक तीच रक्कम पुन्हा पाठवू शकतो. शिवाय सेगविट (सह्या हॅशच्या हिशेबाबाहेर ठेवणारी पद्धत) न वापरणाऱ्या जुन्या पद्धतीच्या व्यवहाराचा हॅश ब्लॉकमध्ये जाईपर्यंत बदलू शकतो. म्हणून मेमपूलमध्ये दिसलेल्या हॅशवर काहीही कायमचे बांधू नये.

बिटकॉइन कोअर हे नोड चालवण्याचे सॉफ्टवेअर वापरत असाल, तर ‘लिस्टसिन्सब्लॉक’ ही आज्ञा नेमकी याच कामासाठी आहे. तिला मागच्या वेळी मिळालेला ब्लॉकचा हॅश आणि अपेक्षित खोली (किती कन्फर्मेशन हवीत तो आकडा) दिली, की त्यानंतरचे व्यवहार मिळतात आणि पुढच्या वेळी कोठून विचारायचे तो हॅशही मिळतो. हा हॅश टोकाचा नसून मागितलेल्या खोलीवरचा असतो. त्यामुळे उथळ ब्लॉकमधील व्यवहार पक्के होईपर्यंत दर वेळी पुन्हा समोर येतात आणि मधला एखादा फेरा चुकला तरी काही निसटत नाही. उत्तरात ‘रिमूव्हड’ नावाची वेगळी यादीही येते. तिच्यात दिसलेला व्यवहार बुडाला असे मात्र लगेच धरू नये : साखळीतून निघून दुसऱ्या ब्लॉकमध्ये परत आलेला व्यवहारही तिथे दिसतो आणि त्याची कन्फर्मेशन धन असू शकतात. कन्फर्मेशन ऋण असतील, तर मात्र त्याच पैशांचा दुसरा व्यवहार साखळीत बसला आहे आणि आपला भरणा गेला, असे समजावे.

हिशेबाची बाजू आपल्याकडच्या दुकानदारांना नवी नाही. कच्च्या वहीत लिहिलेले खोडता येते, पक्क्या वहीतले येत नाही. तिथे उलट नोंद करावी लागते. खोली पुरी होईपर्यंत भरणा कच्च्या नोंदीतच राहू द्यावा आणि ग्राहकाला ‘येत असलेली रक्कम’ म्हणून दाखवावा, पण ती खर्च करू देऊ नये. एकदा पक्की झालेली नोंद पुसू नये; दुरुस्ती करायची झाल्यास उलट नोंदीनेच करावी, म्हणजे पुढे वाद झाल्यास काय घडले ते वाचता येईल.

शेवटचा मुद्दा नोडचा आहे. आपल्याकडे दोन नोड असतील आणि विचारणा आळीपाळीने कोणाकडेही जात असेल, तर टोकाची उंची एकाकडून आणि ब्लॉक दुसऱ्याकडून येतो, आणि कन्फर्मेशन पाच, तीन, पाच असे हेलकावे खातात. एका हिशेबातले सर्व प्रश्न एकाच नोडला विचारावेत.

प्रश्न : प्रत्येक ठिकाणी ‘सहा कन्फर्मेशन’ असे सांगितले जाते. हा आकडा कोणी आणि कशाच्या आधारे ठरवला? मोठ्या रकमेलाही तो पुरतो का? — कोल्हापूरहून एक वाचक

उत्तर : सातोशी नाकामोतो या नावाने २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बिटकॉइनच्या मूळ निबंधाच्या शेवटी एक छोटे गणित आहे. मायनरांच्या एकूण गणनशक्तीचा काही हिस्सा हाती असलेला हल्लेखोर गुप्तपणे दुसरी शाखा वाढवत असेल, तर आपल्या ब्लॉकनंतर आणखी काही ब्लॉक झाल्यावरही तो आपल्याला गाठण्याची शक्यता किती, हे त्यात काढले आहे. हिस्सा १० टक्के असेल, तर पाच ब्लॉकनंतर ही शक्यता हजारात एकाहून कमी, म्हणजे दहा हजारांत सुमारे नऊ राहते. पाच नंतरचे आणि एक स्वतःचा, असे आपले सहा होतात. मात्र हिस्सा ३० टक्के असेल, तर त्याच पाच ब्लॉकनंतर शक्यता जवळजवळ १८ टक्के असते. ती हजारात एकाखाली आणायला २४ ब्लॉक लागतात आणि हिस्सा ४० टक्के असेल, तर ८९. म्हणजे सहा हा सुरक्षिततेचा आकडा नसून हल्लेखोराविषयीच्या एका गृहीतकाचे उत्तर आहे. गृहीतक बदलले की उत्तर बदलते.

शिवाय हे गणित फक्त हल्लेखोराचे आहे. बिटकॉइनमध्ये नोंदल्या गेलेल्या खोल उलथापालथींना कारण झाले ते मात्र सॉफ्टवेअर. ऑगस्ट २०१० मध्ये आकड्याच्या ओव्हरफ्लोमुळे (आकडा ठरलेल्या जागेत न मावल्यामुळे) एका ब्लॉकमध्ये १८४ अब्जांहून अधिक बिटकॉइन निर्माण झाले, आणि दुरुस्त आवृत्तीची साखळी पुढे गेल्यावर त्या ब्लॉकसह त्यावर रचलेले सारे ब्लॉक टाकून द्यावे लागले. मार्च २०१३ मध्ये बिटकॉइन सॉफ्टवेअरच्या ०.८ आणि ०.७ या आवृत्त्या वेगवेगळे डेटाबेस वापरत असल्यामुळे एका मोठ्या ब्लॉकवरून त्यांचे एकमत होईना. साखळी दुभंगली आणि शेवटी एका शाखेचे २४ ब्लॉक सोडून दिले गेले. त्या काही तासांत एका व्यापाऱ्याकडे आलेला सुमारे १० हजार डॉलरचा भरणा त्याच पैशांच्या दुसऱ्या व्यवहाराने बाद झाला. त्या दिवशी सहा ब्लॉक थांबणाऱ्यालाही संरक्षण नव्हते. संरक्षण होते ते आपली प्रणाली हाताने थांबवता येणाऱ्याला.

जुलै २०१५ चा प्रसंग वेगळा धडा देतो. काही मायनर आधीचा ब्लॉक पूर्ण न तपासता त्यावर पुढचे ब्लॉक रचत राहिले आणि नव्या नियमाविरुद्ध असलेली सहा ब्लॉकची शाखा तयार झाली. स्वतः नियम तपासणाऱ्या अद्ययावत नोडांनी ती पहिल्या ब्लॉकलाच नाकारली. केवळ शीर्षभाग पाहणाऱ्या हलक्या वॉलेटांना मात्र ती खरी वाटली. अशा वॉलेटांच्या वापरकर्त्यांना तेव्हा नेहमीपेक्षा आणखी ३० कन्फर्मेशन थांबण्याची सूचना द्यावी लागली होती. ब्लॉक तपासणारा नोड आपला नसेल, तर खोली मोजणे म्हणजे दुसऱ्याच्या तपासणीवर आपला शिक्का मारणे होय.

लहान साखळ्यांची गोष्ट आणखी निराळी आहे. इथेरियम क्लासिकवर ऑगस्ट २०२० मध्ये एकाच महिन्यात तीन हल्ले झाले. पहिल्यात साडेतीन हजारांहून अधिक ब्लॉक उलटले आणि शेवटच्यात सात हजारांहून अधिक. त्या साखळीचा एक ब्लॉक साधारण १३ सेकंदांचा धरला, तर पहिल्या हल्ल्यातच सुमारे अर्ध्या दिवसाचा इतिहास बदलला गेला. ज्या साखळीची गणनशक्ती भाड्याने मिळू शकते, तिथे हल्ल्याचा खर्च काढता येतो, आणि खोली ठरवताना तो खर्च भरण्याच्या रकमेशी ताडून पाहावा. ब्लॉकच्या नुसत्या संख्येवरही जाऊ नये : फेब्रुवारी २०२३ मध्ये पॉलिगॉन या साखळीवर १५७ ब्लॉकचा रीऑर्ग झाला, पण तिथे ब्लॉक साधारण दोन सेकंदांना एक असल्यामुळे तो वेळेच्या हिशेबात पाच मिनिटांचाच होता.

तेव्हा मोठ्या रकमेला सहा पुरतात का, याचे उत्तर असे : खोली हा कोडमध्ये कोरलेला एक आकडा नसावा, तर साखळी आणि रकमेचा टप्पा यांनुसार बदलणारी, आणि अडचणीच्या रात्री कामावर असलेल्या माणसाला नवी आवृत्ती न चढवता वाढवता येणारी मांडणी असावी. एकाच ग्राहकाने मोठी रक्कम वीस लहान भरण्यांत वाटून पाठवली, तर टप्पा बेरजेवर लावावा. आणि रीऑर्ग आपल्या खोलीच्या निम्म्यापर्यंत पोहोचला, तर प्रणालीने पैसे बाहेर पाठवणे आपोआप थांबवून माणसाला उठवावे. निम्मे हे माझे स्वतःचे माप आहे, त्यामागे कोणतेही प्रमेय नाही.

प्रश्न : आम्ही इथेरियमवर जुन्या सवयीने १२ ब्लॉक थांबतो. आता तिथे कोणता ब्लॉक अंतिम झाला हे सांगणारी ‘फायनलाइज्ड’ अशी सोय आहे. मग मोजणी सोडून द्यावी का?

उत्तर : पैशांपुरती सोडावी. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने मायनिंग सोडून प्रूफ ऑफ स्टेक (स्टेक म्हणजे तारण ठेवलेली नाणी, त्यांच्या बळावर ब्लॉक मंजूर करण्याची पद्धत) स्वीकारले, तेव्हापासून १२ ब्लॉकच्या जुन्या हिशेबाचा पायाच राहिलेला नाही. आता १२ सेकंदांचा एक स्लॉट आणि ३२ स्लॉटांचे एक इपॉक असते, आणि सर्व ठीक असेल तर व्यवहार साधारण १३ ते १९ मिनिटांत अंतिम होतो. इपॉकच्या आरंभी आला की उशिरा आणि अखेरीस आला की लवकर. नोडला ब्लॉकच्या आकड्याऐवजी ‘फायनलाइज्ड’ असे विचारले की शेवटचा अंतिम ब्लॉक मिळतो. आपल्या भरण्याचा ब्लॉक त्याच्या उंचीवर किंवा खाली असेल आणि हॅश जुळत असेल, तर पक्की नोंद करावी. तो उलटवायचा, तर एकूण स्टेकच्या किमान एक तृतीयांश भागाची जप्ती ओढवून घ्यावी लागते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. मे २०२३ मध्ये लागोपाठच्या दोन दिवशी अंतिमता काही काळ थांबली, पहिल्यांदा सुमारे २५ मिनिटे आणि नंतर तासाहून अधिक, पण ब्लॉक येतच राहिले. अशा वेळी ‘फायनलाइज्ड अडकले तर १२ ब्लॉक मोजा’ अशी पळवाट कोडमध्ये असेल, तर साखळी नेमकी डळमळीत असतानाच आपण अटी सैल करतो. तेव्हा थांबावे आणि ग्राहकाला थांबण्याचे कारण सांगावे. याशिवाय इथेरियमवर अयशस्वी झालेला व्यवहारही ब्लॉकमध्ये बसतो आणि अंतिम होतो. त्यामुळे नोडकडून मिळणाऱ्या व्यवहाराच्या पावतीतील यश-अपयश सांगणारा स्थितीचा रकाना न पाहता केवळ खोली पाहणे निरुपयोगी आहे.

प्रश्न : दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाला शून्य कन्फर्मेशनवर माल द्यावा का?

उत्तर : मेमपूलमधला व्यवहार पाठवणाऱ्याला शुल्क वाढवून बदलता येतो आणि तोच पैसा स्वतःकडे वळवताही येतो. बिटकॉइन कोअरच्या २८व्या आवृत्तीपासून असा बदल स्वीकारणे हे नोडचे नेहमीचे वर्तन झाले आहे. चहाच्या कपापुरता धोका पत्करायला हरकत नाही, मोबाइलपुरता पत्करू नये.

प्रश्न : ‘एका तासात रक्कम जमा होईल’ असे आम्ही पानावर लिहिले आहे आणि त्यावरून रोज भांडणे होतात. ब्लॉक दहा मिनिटांचा असेल, तर सहांना तास लागायला हवा ना? तसेच हे सारे रीऑर्ग खऱ्या साखळीची वाट न पाहता तपासायचे कसे? — नाशिकहून एक वाचक

उत्तर : दहा मिनिटे ही सरासरी आहे, वेळापत्रक नव्हे. ब्लॉक सापडणे हा योगायोगाचा खेळ असल्यामुळे मागचा ब्लॉक येऊन पाऊण तास झाला म्हणून पुढचा लवकर येत नाही. हिशेब मांडला तर एखाद्या ब्लॉकला तासाहून अधिक वेळ लागण्याची शक्यता सुमारे चारशेत एक निघते. दिवसाला साधारण १४४ ब्लॉक होतात, म्हणजे असा प्रसंग दर तीन दिवसांनी एकदा येतोच. सहा ब्लॉकना दीड तासाहून अधिक वेळ लागण्याची शक्यता सुमारे साडेअकरा टक्के आहे. म्हणजे आपल्या दर नऊ ग्राहकांपैकी एकाला तिष्ठत बसावे लागणार, आणि त्यात आपला किंवा नेटवर्कचा काहीही दोष नसणार. पानावर वेळ लिहू नये. ‘६ पैकी २’ असे लिहावे, आणि दोनाचा एक झाला तर तोही दाखवावा. आकडा मागे गेलेला पाहून फोन करणाऱ्या ग्राहकाला समजावणे हे, जमा दाखवलेली रक्कम परत काढून घेण्यापेक्षा पुष्कळ सोपे असते.

तपासणीसाठी बिटकॉइन कोअरमधील रेगटेस्ट (चाचणीपुरती खासगी साखळी) वापरावे. तिथे ब्लॉक आपल्या आज्ञेने तयार होतात. ब्लॉकचे बक्षीस १०० ब्लॉकनंतरच खर्च करता येते, म्हणून आरंभी १०१ ब्लॉक तयार करावेत. मग एक भरणा करून तीन ब्लॉक काढावेत आणि ‘इनव्हॅलिडेटब्लॉक’ या आज्ञेने भरण्याचा ब्लॉक बाद करावा. व्यवहार मेमपूलमध्ये परत येतो आणि पुढच्या ब्लॉकमध्ये पुन्हा बसतो. आपल्या प्रणालीने कन्फर्मेशन खाली आणून पुन्हा वर नेली आणि जमा एकदाच केली, तर निम्मी परीक्षा उत्तीर्ण झाली.

भरणा खरोखर बुडण्याची परीक्षा या मार्गाने होत नाही, कारण मेमपूल तो विसरत नाही. त्यासाठी दोन नोड लावावेत, त्यांचा संपर्क तोडावा आणि एकच नाणे पहिल्या नोडवर आपल्या ग्राहकाच्या पत्त्याला, तर दुसऱ्यावर स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्याला पाठवावे. पहिल्यावर पाच आणि दुसऱ्यावर सहा ब्लॉक काढून संपर्क जोडला, की पहिल्याची शाखा कोसळते आणि भरण्याची कन्फर्मेशन ऋण होतात. पाचऐवजी सात आणि सहाऐवजी आठ करून हाच प्रयोग पुन्हा करावा, कारण तेव्हा रक्कम पक्क्या वहीत गेलेली असेल, आणि उलट नोंद व पैसे बाहेर पाठवणे थांबवणे या दोन्ही गोष्टी चालतात की नाही हे तेव्हाच कळेल.